कपाळावरचा एक

प्रिय ईरा आणि नील,

मी दर वर्षी तुम्हाला मराठी कॅलेंडर पाठवते आणि तुमची आई ते मेलबर्नच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी लावते. मागच्या महिन्यात व्हिडिओवर बोलताना नीलने त्यातल्या एका चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आजी, नऊ तारखेला तू लाल गोल का केलायस?" तो नऊ नव्हता, एक होता. एक तारखेला माझा वाढदिवस असतो. तुम्ही विसरू नये म्हणून कॅलेंडर पाठवण्यापूर्वी मीच गोल करून ठेवते. ईरा म्हणाली, "अरे, ते वन आहे," आणि तुम्ही तिघंही हसलात. मी हसले नाही, म्हणून तुमच्या आईला वाटलं नेटवर्क गेलं. "आई, ऐकू येतंय का? चित्र थांबलंय तुझं."

नेटवर्क नीट होतं. मराठी एकाला नऊ म्हणणारी दुसरी व्यक्ती मी त्या दिवशी पाहिली. पहिली मी स्वतः. नीलच्या चुकीने फार तर माझा केक आठ दिवस उशिरा आला असता. माझ्या चुकीने एक माणूस मरायला टेकला होता, आणि दुसऱ्या एका माणसाचं नाव मी खराब केलं होतं.

आमच्या दादरच्या सोसायटीचा दिवाळी अंक निघतो. संपादक तिसऱ्या मजल्यावरचे बापट. गेली चार वर्षं ते जिन्यात भेटले की म्हणतात, "काकू, एकाहत्तरच्या लढाईवर लिहा की. सोसायटीत लष्करात गेलेल्या तुम्ही एकट्याच." मी म्हणायचे, मी लढाई पाहिलीच नाही, लढाईतून आलेली माणसं पाहिली. या वर्षी हो म्हटलं. पण हे मी तुम्हा दोघांना लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही.

मी फणसवाडीत वाढले. वडील विम्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. मुलगी इंग्रजी शिकली की तिचं जगात कुठे अडणार नाही, हा त्यांचा पक्का समज. म्हणून मला नन्सच्या शाळेत घातलं. पाढे मी 'टू वन्स आर टू' असे पाठ केले. आईशी मराठी, आजीशी मराठी, पण आकडा दिसला की डोकं इंग्रजीत चालायचं. नर्सिंगचा कोर्स संपवून मी लष्करी नर्सिंग सेवेत गेले, तेव्हा वडिलांनी आठवडाभर अबोला धरला. मग एका सकाळी स्वतःच बसून माझ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने माझं नाव लिहिलं, तेही इंग्रजीत. लढाई लागली तेव्हा मी तेवीस वर्षांची लेफ्टनंट होते आणि पश्चिम सीमेपासून गाडीने दीडेक तासावर असलेल्या एका लष्करी रुग्णालयात होते. गावाचं नाव लिहीत नाही. पत्रात गावाचं नाव घालायचं नाही, ही तेव्हाची सवय अजून गेलेली नाही.

आता तिथलं काम सांगते. गोळीबार चालतो त्याच्या जवळ एक छोटी वैद्यकीय तुकडी असते. तिला फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणतात. नावावरून गाडी वाटते, पण ती माणसांची तुकडी. डॉक्टर थोडे, बाकी साधे शिपाई. त्यांना पट्टी बांधायला, रक्त थांबवायला, स्ट्रेचर उचलायला शिकवलेलं असतं, आणि त्यांतल्या निवडक काहींना मॉर्फियाची सुई द्यायला. मॉर्फिया वेदना थांबवतं. तिथे जखमीला तेवढ्यापुरतं सावरायचं आणि गाडीत घालून मागे आमच्याकडे पाठवायचं. उतरवलेल्यांचे आम्ही तीन भाग करायचो: लगेच टेबलावर घ्यायचे, थोडं थांबू शकणारे, आणि चहा पिऊ शकणारे. तिसऱ्याचं पुस्तकातलं नाव वेगळं आहे, पण आमच्या वॉर्डात हेच चालायचं.

गाडी आली की जितकी स्ट्रेचरं आणि कांबळी आत जायची, तितकीच रिकामी परत द्यावी लागत. नाहीतर पुढच्यांना आणायला काही उरायचं नाही. म्हणून गाडीबरोबर आलेला शिपाई दाराशी उभा राहून कांबळी मोजत असायचा. त्याची आमची बाचाबाची रोजची.

माणसं तऱ्हेतऱ्हेची येत. पायाला गोळी लागलेला एक गढवाली शिपाई बूट कापू देईना, कारण बूट नवा होता. गोळी काढताना तो आमच्याकडे बघत होता, बुटाला कात्री लावली तेव्हा त्याने तोंड फिरवलं. एक लंगरी, म्हणजे लष्करातला स्वयंपाकी, पळापळीत उकळती डाळ पायावर सांडून घेऊन आला. शेजारच्या खाटांवर गोळ्या लागलेले लोक, त्यामुळे हा पायावरचं कांबळं बाजूला होऊ देईना. "सिस्टरजी, कोई पूछे तो बम बोलना." कोणी विचारलं तर मी बॉम्ब म्हणायचे. कागदावर मात्र डाळच लिहिली. कागदावर खरं लिहायचं, हे मला इतकं पक्कं माहीत होतं.

मॉर्फिया दिलं की जखमीच्या कपाळावर इंग्रजी एम लिहायचा आणि त्यापुढे वेळ. त्याच्या गळ्यात अडकवलेल्या कार्डावरही लिहायचं, पण कार्ड भिजतं, फाटतं, पडतं. कपाळ कुठे जात नाही. दोन सुयांमध्ये काही तास जावे लागतात. थंडीत जास्तच जपायचं. गारठलेल्या, रक्त गेलेल्या माणसाच्या अंगात पहिली सुई नुसती साठून राहते. त्याला वेदना होतच असतात, आणि आपल्याला वाटतं औषध संपलं. तो उबदार वॉर्डात आला, अंगात रक्त फिरायला लागलं की ती एकदम चढते. तिच्यावर दुसरी पडली, तर माणूस श्वास घ्यायला विसरतो. त्याचा जीव घाबरा होत नाही, तो धडपडत नाही. छान झोपल्यासारखा दिसतो आणि विसरतो.

लढाई सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. दुपारी अडीचच्या सुमारास गाडी आली, त्यात हवालदार किरपा राम होते. जम्मूकडचे, चाळिशीचे, पिळदार मिशांचे. मांडीचं हाड मोडलेलं, अंग बर्फासारखं गार, आणि आवाज फुटू नये म्हणून कांबळ्याचं टोक दातांत धरलेलं. कार्डाचा रक्ताने लगदा झाला होता. कपाळावर निळ्या पेन्सिलीने स्वच्छ लिहिलं होतं: एम, आणि पुढे नऊ. बरोबरच्या दोघांच्या कपाळांवर दुसऱ्या कोणाच्या हाताने, इंग्रजीत, दहा आणि साडेदहा होतं, त्यामुळे नऊ अगदी बसत होतं. चार तास उलटले असतील आणि वेदना असेल तर पुन्हा द्या, असा आमच्या सर्जन मेजर साहेबांचा कायमचा हुकूम होता. इथे साडेपाच तास झाले होते. मी सुई भरली आणि दिली.

कार्ड वाचता येत नसेल तर गाडीबरोबर आलेल्या शिपायाला विचारायचं, असाही नियम होता. तो दाराशी कांबळी मोजत होता. माझ्यापासून वीस पावलांवर. ती पावलं मी नंतर मोजली.

अर्ध्या तासाने मी फेरी मारत आले, तर हवालदार शांत झोपले होते. फारच शांत. मी छातीवर हात ठेवून श्वास मोजले. मिनिटाला नऊ. पुन्हा मोजले, सात. पापणी उघडून पाहिली, तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. त्यावर उतारा होता, शिरेतून द्यायचा. पण तो ऑपरेशन थिएटरच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मेजर साहेबांच्या खिशात आणि मेजर साहेबांचे दोन्ही हात कोणाच्या तरी पोटात. मी वॉर्डमधल्या एकाला तिकडे पळवलं आणि हवालदारांची हनुवटी वर धरून बसले.

तेवढ्यात कांबळीवाला शिपाई तक्रार घेऊन आला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. काळासावळा, किडकिडीत, खांद्याला औषधांची पिशवी.

"सिस्टरजी, दो कंबल कम हैं." मग त्याने खाटेकडे पाहिलं. "इनको क्या हुआ? रास्ते में तो ठीक थे."

"नौ बजे की सुई थी. मैंने अभी दूसरी दी."

"नौ बजे? नौ बजे ये खंदक में बैठके चाय पी रहे थे. सुई मैंने दी. एक बजे."

"कपाळ देखो," मी म्हटलं. घाबरले की माझं हिंदी असंच व्हायचं. "साफ नौ लिखा है."

तो वाकला. त्याने आकड्यावर बोट ठेवलं आणि त्याचंही हिंदी सुटलं.

"नऊ नाय ओ. एक आसा तो."

कित्येक आठवड्यांत माझ्याशी कोणी मराठी बोललं नव्हतं. आधी नुसती भाषा कानावर आली, अर्थ मागून आला. मी पुन्हा पाहिलं, आणि तो आकडा माझ्या डोळ्यांदेखत बदलला. वर गाठ, खाली शेपूट. आजीच्या पोथीतला एक. वाण्याच्या दुकानातल्या पाटीवरचा एक. एक वाजता पहिली सुई आणि अडीच वाजता दुसरी.

शिपायाने पिशवी खाली टाकली आणि खाटेशी गुडघे टेकले. मॉर्फियाने गुंगलेला माणूस श्वास घ्यायला विसरतो, पण सांगितलं तर घेतो, निदान काही वेळ तरी. हे त्यालाही शिकवलेलं होतं. त्याने हवालदारांच्या गालावर चापट मारली. "साँस लो, साब. लो." दोन-तीनदा हिंदीत झालं, मग पुन्हा त्याची जीभ घरी गेली. "घे. घे रे. आता सोड. परत घे. झोपतंस काय, घे म्हणतंय ना." आणि जम्मूचा तो हवालदार, ज्याने जन्मात मराठी ऐकली नव्हती, प्रत्येक 'घे'ला श्वास घेत होता. मी हनुवटी धरून होते आणि ओठ निळे पडताहेत का ते बघत होते. किती मिनिटं गेली सांगता येणार नाही. मला ती ड्यूटीच्या एका अख्ख्या पाळीएवढी वाटली.

मेजर साहेब रक्ताळलेल्या गाऊननेच आले. उतारा शिरेत गेला. हवालदारांनी एक मोठा श्वास घेतला, मग दुसरा, आणि डोळे उघडून आमच्याकडे त्रासिक नजरेने पाहिलं, जणू आम्ही त्यांची झोपमोड केली होती. ती नजर मला फार चांगली दिसली.

पण उताऱ्याचा असर मॉर्फियाच्या आधी ओसरतो, म्हणून माणसाला सोडून जाता येत नाही. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. शिपाई खिडकीतून ओरडला, "तू जा. मैं राशन की गाड़ी से आता हूँ." संध्याकाळपर्यंत तो खाटेच्या एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला, असे येऊन-जाऊन बसलो. तेव्हा कळलं, नाव दत्ताराम धुरी. मूळ गाव मालवणकडे, जन्म लालबागचा, वडील गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे.

"आणि तुम्ही, सिस्टर?"

"गिरगाव. फणसवाडी."

त्याने मान वर केली. "गिरगावच्या? मग बसच्या कपाळावरचा आकडा वाचता येतो, नि माणसाच्या कपाळावरचा नाय?"

तुम्हाला आठवतं का, मुंबईच्या बसच्या पुढच्या बाजूला नंबर मराठीत असतो? मी खरं तेच सांगितलं. "बसला मी कंडक्टरला विचारायचे."

"मग माका पण विचारूचा होता," तो म्हणाला. रागाने नाही. मोजलेल्या कांबळ्यांचा आकडा सांगावा तसं.

त्याला इंग्रजी आकडे येत होते. रजिस्टरमध्ये तो तेच लिहायचा. पण तोफांचे गोळे पडत असताना हात जसा पहिलीत वळला तसाच वळतो. मी त्याला काय बोलणार? वॉर्डात बसून, चहा पिऊन, माझा डोळाही तसाच वळला होता.

दुसऱ्या दिवशी हवालदार किरपा राम यांनी मला जवळ बोलावलं. "सिस्टर, कल वो जवान मुझे क्या पिला रहा था? ये 'घे' कौन सी दवा है?" मी अर्थ सांगितला. ते हसले, हसल्याने मांडी दुखली, आणि मग मिशीला पीळ देत म्हणाले, "कड़वी थी. पर असर अच्छा है."

हे सगळं मी आनंदाने सांगते. पुढचं तितक्या आनंदाने सांगता येत नाही.

मेजर साहेबांनी घडलेल्या प्रकाराचा अहवाल मागितला. रुग्णालयात सगळ्यांत चांगलं इंग्रजी माझं होतं, साहेब स्वतःची पत्रंसुद्धा मला दाखवून घ्यायचे. मी एका पानात सुरेख अहवाल लिहिला. काय झालं, केव्हा झालं, काय उपाय केला. आणि कारणाच्या ओळीत एकच शब्द घातला: इलेजिबल. म्हणजे वेळेचं अक्षर लागत नव्हतं. मी स्वतःला समजावलं, की हे खोटं नाही. मला वाचता आलं नाही, म्हणजे ते वाचण्याजोगं नव्हतंच. इंग्रजी चांगलं असलं की अशा गोष्टी फार नीटनेटक्या करता येतात.

पाच दिवसांनी धुरी पुन्हा गाडीबरोबर आला. त्याच्या खांद्याला पिशवी नव्हती. त्या दिवशी आलेल्यांच्या कपाळांवरचं अक्षर दुसऱ्याच कोणाचं होतं. तो दाराशी नेहमीसारखा कांबळी मोजत उभा होता. या वेळी मी ती वीस पावलं चालून गेले.

"धुरी, पिशवी कुठे?"

"सुई काढून घेतली, सिस्टर. आता नुसती उचल-ठेव."

"का?"

"वरून कागद आला. अक्षर लागत नाय म्हणे माझं." त्याने कांबळ्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. "माझं अक्षर. लालबागात आमच्या मंडळाचा फळा मी लिवतो. गणपतीची वर्गणी, आरतीची वेळ, कोण वारलं, कोण पास झालं, सगळं. येणारे-जाणारे उभं राहून वाचतात. नि हे म्हणतात अक्षर लागत नाय."

त्याने ती घडी ढिगावर टाकली. तो पुढे म्हणाला, "बाबा गिरणीच्या खात्यात सगळ्यांना सांगतात, आमचा दत्ता लढाईत सुई देतो. सुटून गेल्यावर परळच्या एखाद्या हॉस्पिटलात पट्ट्या बांधायला ड्रेसरची जागा मिळेल असं म्हणतात. आता कागदावर हे असलं लागलं, तर कोण घेणार?" मग त्याने खिशातून निळ्या पेन्सिलीचा तुकडा काढला. "तुम्ही इंग्रजीवाल्या. मला ते आकडे एकदा घटवून द्या. पुन्हा असं व्हायला नको."

मी रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर एक ते नऊ लिहिले. त्याने खाली लिहिले. त्याचे माझ्यापेक्षा सरळ होते, छापल्यासारखे. एकाला टोपी आणि खाली पाट, नवाचं पोट गोल. ते नऊ आकडे एका ओळीत बघताना मला माझा तो सुरेख अहवाल आठवला.

"धुरी, तो अहवाल मी लिहिला होता. अक्षर लागत नाही, हे माझे शब्द."

तो पुठ्ठ्याकडेच बघत राहिला. आत कोणीतरी पाणी मागत होतं. मग पेन्सिलीचा तुकडा खिशात घालून म्हणाला, "आमच्या फळ्याचा एक नियम आहे, सिस्टर. कोणी काय चुकीचं लिवलं, तर दुसऱ्याने पुसायचं नाय. ज्याने लिवलं त्यानेच येऊन पुसायचं. सगळ्यांच्या समोर."

"बरं."

"मग तुम्हीच पुसा." आणि तो कांबळी मोजायला लागला.

मी त्याच दुपारी मेजर साहेबांपुढे उभी राहिले आणि अहवाल परत मागितला. ते दमले होते. म्हणाले, "लेफ्टनंट, माणूस वाचला. कागद पुढे गेला. विषय संपला." मी म्हटलं, "सर, पुढे सुई देणारा एक माणूस कमी झालाय." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "बदललंत तर चूक तुमच्या नावावर जाईल. पुढच्या बढतीच्या वेळी हाच कागद वर येईल. कळतंय ना?" मी हो म्हटलं. भीती वाटत होती, हेही लिहून ठेवते. नव्या अहवालात कारणाच्या ओळीत तीन वाक्यं घातली. आकडा स्पष्ट होता. तो मराठीत होता आणि मला वाचता आला नाही. मी विचारलं नाही.

मेजर साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे तुमचं आतापर्यंतचं सगळ्यांत चांगलं इंग्रजी आहे." मग सही केली, मला रीतसर लेखी ताकीद दिली, आणि धुरीसाठी फोन लावायला घेतला.

दोनच दिवसांनी आलेल्या गाडीत एका मुलाच्या कपाळावर एम होता आणि पुढे इंग्रजीत चार आकडे, लष्करी पद्धतीची वेळ, छापल्यासारखी. कार्ड उलटून पाहिलं, तर मागे मराठीत बारीक एक ओळ: 'सिस्टर, अक्षर लागतंय ना?'

मी दाराकडे पाहिलं. धुरी कांबळी मोजत होता, खांद्याला पिशवी होती, आणि तो मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हता.

लढाई लवकरच थांबली. ताकीद माझ्या कागदात राहिली आणि कॅप्टनचा तारा माझ्या बरोबरीच्या मुलींनंतर बऱ्याच उशिरा लागला. त्याचं दुःख तेव्हा झालं, आता नाही. मला लागून राहिले ते मधले पाच दिवस. त्या दिवसांत धुरीच्या ठाण्यावर वेदनेने कळवळणारी किती माणसं सुईची वाट बघत पडून राहिली असतील? मी त्याला हे एकदाच विचारलं. तो म्हणाला, "होते काय काय," आणि विषय बदलला.

तुमच्या आजोबांशी लग्न झाल्यावर मी लष्कर सोडलं आणि परळच्या एका रुग्णालयात लागले. काही वर्षांनी तिथल्या प्लॅस्टरच्या खोलीत नवा ड्रेसर आला. त्याने भिंतीवर खडूने रुग्णांचा क्रम लिहिला होता. ते अक्षर मी दारातूनच ओळखलं. पुढे कितीतरी वर्षं आम्ही एकाच कॉरिडॉरमध्ये काम केलं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी मी एक कागद द्यायचे, त्यावर एकच आकडा असायचा, आणि विचारायचे, हा किती? कोणी एक म्हणायच्या, कोणी नऊ. मग मी म्हणायचे, "दोघीही नापास. ज्याने लिहिला त्याला विचारून या. तो प्लॅस्टरच्या खोलीत आहे." धुरी कंटाळायचा. "सिस्टर, माझ्याकडे हात मोडलेली माणसं बसलीत. तुमच्या पोरींना आवरा." पण प्रत्येक मुलीला उत्तर द्यायचा.

आता त्याच्या लालबागच्या चाळीच्या जागी टॉवर उभा आहे आणि तो एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. खाली लिफ्टशेजारी त्याने भांडून फळा लावून घेतलाय. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण सकाळी लोक आधी फळा वाचतात. मागच्या आठवड्यात मी हा लेख घेऊन त्याच्याकडे गेले. नाव घालायचं तर परवानगी हवी. त्याच्या बायकोने, सुनंदाने, चहा ठेवला आणि मी मोठ्याने वाचलं. मधे दोनदा त्याने चष्मा पुसला. वाचून झाल्यावर मी विचारलं, "काही चुकलंय का?"

"एक चुकलंय. कांबळी दोन नाय, तीन कमी होती."

"दोन म्हणाला होतात तुम्ही."

"दोन त्या वेळी. परत मोजली तर तीन. अजून दिली नाय तुम्ही."

सुनंदा आतून म्हणाली, "अहो, सिस्टर चहाला आल्यात, हिशेबाला नाय."

"आणि नाव घालू का?" मी विचारलं.

तो म्हणाला, "घाला. पण पोरांना सांगा, आकडे मराठीत पण शिका. नायतर ती पण तुमच्यासारखी व्हायची."

तर ईरा, नील, नाताळच्या सुट्टीत तुम्ही याल, तेव्हा नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आपण लालबागला जाऊ. फळ्यावर सगळ्यांत वर तारीख असेल. नीलने ती मोठ्याने वाचायची. एक वाटला तर एक म्हण, नऊ वाटला तर नऊ म्हण, आणि खात्री नसेल तर लाजू नकोस, विचार. ज्याने लिहिलीय तो तिथेच असेल, हातात खडू घेऊन, वीस पावलांच्या आत.

तुमची,
आजी

ता. क. पिशवीत तीन कांबळी घेऊन ठेवली आहेत. ती उचलायला मला तुमची मदत लागेल.